चार वाजता राखुंडी कुठे जाते

४ मार्च

लांबडीचा फोन आला आणि दुपारची झोप गेली. लांबडी म्हणजे फार्मसी कॉलेजातली माझी मैत्रीण. ती पुढे बसली की मागच्या दोन बाकांना फळा दिसत नसे, तेव्हापासून हे नाव. एप्रिलच्या दहा तारखेला ती कायमची लेकीकडे चालली आहे, दोन विमानं बदलून पोचायचं इतक्या लांब. त्याआधी बारा दिवसांसाठी तिने तळ्याकाठचं एक घर घेतलं आहे. बावीस तारखेपासून. दोन खोल्या, दोन खाटा.

"तीनदा विचारलं, तीनदा नाही म्हणालीस," ती म्हणाली. "ही चौथी वेळ. पाचव्यांदा विचारायला मी इथे नसणार."

मी म्हटलं, "मांजरांचं बघते आणि सांगते."

"बघच," म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

मांजरांचं बघायचं म्हणजे काय ते तिला सांगून कळायचं नाही. मांजरं दोन, दोन्ही ताईची. ताई माझी मोठी बहीण. आम्ही दोघी या पहिल्या मजल्यावर एकत्र राहिलो ते ती गेल्या वर्षी जानेवारीत जाईपर्यंत. ती असताना मांजरांचे लाड तिच्याकडे आणि औषधं माझ्याकडे, अशी वाटणी होती. आता दोन्ही माझ्याकडे आहे. औषधं तरी मी नीट देते.

ही वहीसुद्धा ताईचीच. दर वर्षी माझ्या वाढदिवसाला ती मला एक वही द्यायची. कुठल्या दुकानातून आणायची कोण जाणे, मी कधी विचारलं नाही. ती गेली तेव्हा मार्चची वही तिच्या कपाटात खाकी कागदात बांधून तयार होती. वर्षभर तशीच पडून राहिली. आज दोरी सोडली. करडं कापड, लाल दोऱ्याची शिवण, पानं चांगली जाड. शाई फुटत नाही.

६ मार्च

सूचना लिहायला घेतल्या. सांभाळायला कोणीही मिळालं तरी हातात कागद हवाच. तेहतीस वर्षं हॉस्पिटलच्या औषधखिडकीमागे बसून मी एवढं शिकले की तोंडी सांगितलेलं माणूस दारापर्यंत जाईतो विसरतो.

हवालदाराचं दीड पानात आटोपलं. पट्टेरी बोका आहे, दिवसातून चारदा घरभर गस्त घालतो, आणि जो ताटली पुढे करील त्याचा होतो. दुसरीची, राखुंडीची, मात्र पाच पानं झाली आणि मी अजून गोळीवरच आहे. पाव गोळी, थायरॉईडची, सकाळी आठला. टॉवेलात गुंडाळायचं, जबडा उघडायचा, गोळी जिभेच्या मुळाशी, मग गळा चोळायचा. रोज माझ्या नाकी नऊ येतात, आणि मी तर तिच्या ओळखीची. परक्या माणसाने काय करायचं?

आणि ती परक्याच्या वाऱ्याला उभी राहत नाही, हा खरा प्रश्न आहे. ताई गेल्यापासून माझ्याही मांडीवर येत नाही. मला त्याचं काही वाटत नाही असं वर्षभर म्हणत आले. वाटतं.

तिचं वेळापत्रकही लिहिलं. चारला मागच्या गॅलरीत जाते. लोखंडी जिन्याची दुसरी पायरी उतरून थांबते आणि मागे वळून बघते. म्हणजे दार लावून घे. मी दार लावते. पाचला येऊन दार ओरबाडते. मधला तासभर मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीखाली झोपत असणार, तिथे गार असतं.

आज परतली तर पुढच्या पंजाला पांढरं काहीतरी वाळून कडक झालेलं. मागच्या भिंतीचा गिलावा पडायला लागला आहे. इमारतीच्या मॅनेजरला चिठ्ठी लिहून पाठवली. कामाच्या नावाने शून्य आहे तो माणूस.

९ मार्च

मांजरांचं वसतिगृह बघून आले. भिंतभर काचेची कपाटं, प्रत्येकावर आकडा, आत एक उशी, एक वाटी, एक मांजर. सगळं स्वच्छ. तिथल्या बाईने मला "मांजरांची आजी" म्हटलं ते मी सोडून दिलं. ती म्हणाली, "आजी, कॅमेरा आहे. तुम्ही तिकडून फोनवर बाळाला कधीही बघू शकता."

मी विचारलं, "आणि बाळ मला बघू शकतं का?"

ती हसली. चांगली होती बिचारी, मीच वाकड्यात शिरत होते.

चौदा नंबरचं कपाट रिकामं होतं. पंधरामध्ये एक काळं मांजर भिंतीकडे तोंड करून बसलं होतं. मी काचेवर टिचकी मारली तरी मान वळवली नाही. किती दिवसांपासून आहे विचारलं तर म्हणाली, आजच आलंय, रुळेल. मला ते "रुळेल" ऐकवलं नाही. घरी येईपर्यंत वसतिगृह यादीतून खोडलं होतं.

११ मार्च

आज माझी जुनी असिस्टंट आली होती. औषधखिडकीत मी हिला हाताखाली घेऊन तयार केली. आता ती माझ्या खुर्चीत बसते. हुशार आहे, मायाळू आहे, बारा दिवस इथे येऊन राहायला आनंदाने तयार आहे. म्हटलं, आधी एक दिवस बघू.

हवालदार पाच मिनिटांत तिच्या पर्समध्ये शिरला. राखुंडी कपाटामागे. ट्यूना मासा, लोकरीचा गुंडा, गोड आवाज, सगळं करून झालं. ही बया बाहेर येईना. चारला मात्र बाणासारखी आमच्या दोघींच्या मधून गॅलरीत.

"मॅडम, ही कुठे जाते?"

"टाकीखाली."

"रोज चारलाच?"

"मांजराच्या पोटात घड्याळ असतं," मी म्हटलं.

पाचला परत आली तेव्हा असिस्टंटने धीर करून तिला उचललं आणि हुंगून म्हणाली, "मॅडम, हिच्या अंगाला खळीचा वास येतोय. शाळेत पुस्तकांना कव्हरं चिकटवायचो ना, तसा."

मला काही वास आला नाही. इतकी वर्षं औषधांच्या वासात काढल्यावर माझ्या नाकाने कधीच राजीनामा दिला आहे. एवढ्यात राखुंडी तिच्या अंगठ्याला चावली. जखम धुऊन दिली, पट्टी बांधली. जाताना तिचं तोंड एवढंसं झालं होतं. गोळीचं तिला जमणार नाही हे तिलाही कळलं आणि मलाही.

१३ मार्च

राखुंडीचं वजन तीन किलो सातशे. जानेवारीत तीन चारशे होती. मी दर आठवड्याला वजन करते, तक्ता भिंतीवर आहे. वाढतंय म्हणून खाणं साठ ग्रॅमवरून पन्नासवर आणलं, मग चाळीसवर. जितकं कमी करते तितकी फुगते. विज्ञानात बसत नाही हे.

डॉक्टरांकडे नेली. त्यांनी पोट दाबलं, तक्ता बघितला आणि म्हणाले, "हिला कोणीतरी खाऊ घालतंय."

"आमच्याकडे मी एकटीच असते."

"मग काटा खोटं बोलतोय का?"

मला राग आला. माझ्या घरात माझ्या नकळत एक कणही इकडचा तिकडे होत नाही, हे त्या पोराला काय माहीत. घरी येऊन सगळे डबे तपासले. झाकणं जिथल्या तिथे.

कोण घालणार खायला? समोरच्या घरात कुत्रा आहे. वरचे वर्षातून सहा महिने गावाला. राहिला खालचा बाइंडर, आणि त्याच्या दारात आमच्या घरचं मांजर जाणं शक्य नाही. त्याच्याशी आमचं बोलणं बंद आहे त्याला आठ वर्षं झाली.

तळमजल्यावर पुढे त्याचं पुस्तकबांधणीचं दुकान आणि मागे राहायची खोली, आमच्या बरोबर खाली. आठ वर्षांपूर्वी एकदा आमच्या न्हाणीघरातलं पाणी त्याच्या छतातून खाली गेलं. इमारतीचे पाइप जुने आहेत. कुठल्या तरी शाळेची पुस्तकं त्याच्याकडे बांधायला आलेली, ती भिजली. संध्याकाळी मी ड्युटीवरून आले तर दारात उभा. दोन्ही हातांत एक ओलं पुस्तक, लहान मूल धरावं तसं. दिवसभर खिडकीवर लोकांची बोलणी खाऊन आले होते, माझ्या तोंडून गेलं, "रद्दीच ना ती? वाळवा, वाळेल." तो गेला. मी ताईला बजावलं की त्या माणसाशी या घरातलं कोणी बोलणार नाही. ताई म्हणाली, "बरं." तिचं उत्तर नेहमी तेच.

ताई गेली त्या दिवशी तो जिन्याच्या तळाशी उभा होता. कोपरापर्यंत हात पांढरे, खळीने माखलेले. मला वाटलं, निदान हात धुऊन यावं एवढंही कळू नये माणसाला. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

१६ मार्च

लांबडीला नाही म्हणून सांगितलं. मांजरांची सोय होत नाही, इलाज नाही.

ती म्हणाली, "आधी ड्युटीचं कारण होतं. मग ताईचं. आता मांजरांचं. तुझ्याकडे कारणं फार चांगली असतात गं."

"तुला माझी अडचण समजत नाही."

"समजते म्हणूनच पस्तीस वर्षं विचारत आले," ती म्हणाली. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

ती जायच्या आधी एकदा भेटायला येईल म्हणाली. अर्धा तास. विमानतळावर जाताना वाटेत.

फोन ठेवल्यावर सूचनांचे कागद फाडायला घेतले, मग फाडले नाहीत. चौदा पानं झालेली. अक्षर सुरेख आलंय.

१७ मार्च

वजन तीन सातशे पन्नास. बाकी काही नाही.

१८ मार्च

हे आजच लिहायला हवं.

आज वारा फार होता, पत्रे वाजत होते. राखुंडी चारला गेली. पाचला दार ओरबाडल्याचा आवाज नाही. सव्वापाच. साडेपाच. गॅलरीतून हाका मारल्या, मग चप्पल न घालताच लोखंडी जिना उतरले. आठ वर्षांत मी तो जिना उतरले नव्हते. टाकीखाली पाहिलं. तिथे चिखल होता, मांजर झोपेल अशी जागाच नव्हती. कधी नसणार.

मागे बाइंडरच्या खोलीची खिडकी आहे. वाऱ्यामुळे काच लावून घेतलेली. आत पाहिलं.

तो खुर्चीत बसला होता, हातात सुई-दोरा, समोर अर्धवट शिवलेलं पुस्तक. मांडीवर राखुंडी, पोट वर करून, चारी पाय पसरून झोपलेली. ताई गेल्यापासून मी तिचं पोट पाहिलं नव्हतं. टॉवेलातून सुटतं तेवढंच.

त्याने मला पाहिलं. उठला नाही. हाताने दाराकडे खूण केली. आत गेले तर हळू आवाजात म्हणाला, "बसा, धाकट्या बाई. ती उठेपर्यंत मला उठता येत नाही. वाऱ्यामुळे खिडकी लावली आणि तिचा परतायचा रस्ता बंद झाला, माझ्या लक्षातच आलं नाही."

समोर दुसरी खुर्ची होती. तिच्यावर हिरवी उशी. ताईची. फाटली म्हणून टाकून दिली असं तिने मला सांगितलं होतं. मी त्या उशीवर बसले.

"कधीपासून येते ही?"

"ही? बाईंबरोबर यायची. पिल्लू होती तेव्हापासून." बाई म्हणजे ताई, ती शाळेत शिकवायची. "बाई गेल्यावर आठ दिवस आली नाही. मग एकटी आली. चारलाच."

"आणि ताई कधीपासून?"

"पाणी आलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून." त्याने सुई पुस्तकात खोचून ठेवली. "पुस्तकं वाळवायला आल्या. एकेका पानात टीपकागद घालायचा, वरून कोमट इस्त्री. तीन महिने लागले. बहुतेक वाचली. पुढे येतच राहिल्या. मी शिवायचो, त्या मोठ्याने वाचायच्या. बांधायला येईल ते. शेतकीचे अहवाल वाचले, प्रवासवर्णनं वाचली, एकदा सबंध शब्दकोश वाचला."

चारला मी ड्युटीवर असायचे. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले तेव्हा ताई म्हणायला लागली, राखुंडीला घेऊन तासभर गच्चीवर जाते, हवा चांगली असते. माझे गुडघे दुखतात, मी कधी गच्चीवर गेले नाही. हे तिला माहीत होतं.

मग तो म्हणाला, "फार सरळ बाई. पहिल्याच दिवशी दारात उभं राहून सांगितलं, नळ माझ्याकडून उघडा राहिला. बहिणीला काही बोलू नका, ती मनाला लावून घेते."

राखुंडी उठली, तिला उचललं आणि वर आले.

नळ मी उघडा ठेवला होता. सकाळी पाणी नव्हतं, चावी फिरवून बघितली आणि तशीच ड्युटीवर गेले. पाइपाला काही झालेलं नव्हतं. हे मी कुठेच लिहिलं नव्हतं, आतापर्यंतच्या कुठल्याच वहीत.

१९ मार्च

सकाळपासून ताईचा राग येतोय. गेलेल्या माणसावर रागावायला जागा नसते, तरी येतोय. सात वर्षं एका छताखाली राहून रोजचा एक तास माझ्यापासून लपवला. मला सांगितलं असतं तर?

तर मी काय केलं असतं ते मला चांगलं माहीत आहे. म्हणून तर सांगितलं नाही तिने.

दुपारी जुन्या वह्या काढल्या. सात. प्रत्येकीला लाल दोरा, आणि शिवणीच्या टोकाला एकसारखी बारीक गाठ. काल त्याच्या हातातल्या पुस्तकाला तीच गाठ होती. आठ वर्षं मी माझी गाऱ्हाणी त्याने शिवलेल्या कागदावर लिहीत आले. त्यातली काही त्याच्याबद्दलच आहेत. चार वर्षांपूर्वी लिहिलंय, "खालच्याची ठोकाठोक आज पुन्हा. डोकं उठलं." आज वाचून मला माझीच लाज वाटली.

मॅनेजर येऊन गेला. मागची भिंत नीट तपासली, गिलावा कुठेच पडलेला नाही म्हणाला. मी त्याची माफी मागितली. बिचारा घाबरला.

२० मार्च

चारला पुढच्या जिन्याने गेले. पायांत नीट चप्पल घालून, दुकानाचं दार वाजवून. राखुंडी मागून माझ्या आधीच पोचली होती.

मी बसले नाही. उभ्यानेच म्हटलं, "नळ माझ्याकडून उघडा राहिला होता. ताईकडून नाही."

तो पुठ्ठ्याला खळ लावत होता. ब्रश टेकवला आणि म्हणाला, "माहीत होतं."

"कसं?"

"बाई सकाळी तुमच्या आधी शाळेला निघायच्या आणि शाळा दीडला सुटायची. त्या पिशवी घेऊन जिना चढत होत्या तेव्हा माझ्याकडे घोट्यापर्यंत पाणी साचलेलं. त्यांनी वर जाऊन नळ बंद केला तेव्हा थांबलं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"त्यांनी सांगितलं, मी मानलं," तो म्हणाला. "त्यांना तसंच हवं होतं."

मी म्हटलं, "रद्दी म्हणाले होते मी. ते बोलायला नको होतं." त्याने एका कागदावर हात पुसला, हिरवी उशी झटकली आणि खुर्चीवर परत ठेवली. मग बसले.

बसल्यावर माझ्यातली फार्मासिस्ट जागी झाली. विचारलं, "हिला काय घालता तुम्ही?"

"उकडलेल्या अंड्यातला बलक. बाई द्यायच्या तसा, रोज एक." मग जरा चाचरत म्हणाला, "महिनाभर दोन देतोय. फार भुकेली यायची. म्हटलं, वर खायला कमी पडतंय की काय."

मी हसले. बऱ्याच दिवसांनी, आणि जरा जास्तच. त्याला कारण सांगितलं तसा तोही हसला. मी वर चाळीस ग्रॅम करतेय आणि हा खाली बलक वाढवतोय, आणि ही बया दोन घरांच्या मधोमध गुबगुबीत होतेय.

निघताना लांबडीचं सांगितलं. तळं, बारा दिवस, नाही म्हणून कळवलं ते. कोणी मिळालं नाही, म्हटलं.

"मला कोणी विचारलंच नाही," तो म्हणाला.

वर जाऊन सूचनांची चौदा पानं आणली. त्याने चष्मा लावला, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. गोळीचं प्रकरण आलं तिथे थांबला. "टॉवेल कशाला? बलकात दाबून दिली की खाते. पूर्वी कधी कधी बाई इथेच द्यायच्या."

म्हणजे टॉवेलाचं युद्ध वर्षभर मी एकटीच लढत होते. ताई असताना गोळी मी मोजून तिच्या हातावर ठेवत असे. पुढे ती कशी पोटात जाते हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

बाकीची पानं न वाचता त्याने कडा ठोकून सारखी केली. "सुटी पानं हरवतात," म्हणाला. "शिवून ठेवतो."

२१ मार्च

लांबडीला फोन केला. म्हटलं, "दुसरी खाट कोणाला दिलीस का?"

"कोणाला देणार?" ती म्हणाली. "स्वेटर घे. तळ्यावर सकाळी गारठा असतो."

किल्ली खाली दिली. हवालदाराची आणि त्याची रीतसर ओळख करून दिली. हवालदाराने दुकानाची पूर्ण तपासणी केली आणि कागदाच्या गठ्ठ्यावर ठाण मांडलं. राखुंडीला काय सांगायचं ते कळेना. बॅग भरताना ती दारात बसून बघत होती. मी म्हटलं, येते गं. ती उठून गेली.

२५ मार्च

तळं मोठं आहे, पलीकडचा काठ सकाळी दिसत नाही. पहिले दोन दिवस मी तासातासाला घड्याळ बघत होते. चार वाजले की जास्त. काल खाली, म्हणजे दुकानात, फोन केला. तो म्हणाला, "खाल्लं. गोळी गेली. हवालदाराने एक नकाशा फाडला, जुनाच होता." एवढंच. माझ्या चौदा पानांची गरज कोणालाच नव्हती, याचं थोडं वाईट वाटलं आणि मग छान झोप लागली.

लांबडी अजून तशीच चालते, भराभर, ढांगा टाकत. मी मागे पडते. आज वळणावर पोचल्यावर ती थांबली आणि मागे वळून माझ्याकडे बघत राहिली. हाक मारली नाही. मी पोचले तशी पुन्हा चालायला लागली. चाळीस वर्षांपूर्वी कॉलेजच्या रस्त्यावरही असंच करायची, आज आठवलं.

३० मार्च

लांबडीला ताईचं सगळं सांगितलं. नळाचंही. ती म्हणाली, "ताईने तुला सांभाळलं गं." मी म्हटलं, "मला वाटत होतं मी तिला सांभाळतेय." मग दोघी रडलो. आधी मी, मग ती, तिला निरोपाचं निमित्त मिळालं. नंतर बटाटे उकडायला टाकले ते विसरलो आणि भांडं करपवलं.

चार दिवस राहिलेत. ते संपू नयेत असं वाटतंय. मी कधी असं काही लिहीन असं वाटलं नव्हतं.

३ एप्रिल

दुपारी दीडला घरी पोचले. लांबडीने स्टेशनावर मिठी मारली ती सोडेना, गाडीने शिटी दिली तेव्हा सोडली. दहा तारखेला विमानतळावर मी जाणार आहे, तिने वाटेत अर्धा तास काढून यायचं नाही असं बजावलंय.

घर जागच्या जागी. हवालदार दारातच, पोट सुटलेलं. मेजावर माझी चौदा पानं, करड्या कापडाच्या पुठ्ठ्यात, लाल दोऱ्याने शिवलेली. मागे त्याने बरीच कोरी पानं जोडली आहेत. पहिल्या बारांवर रोजची एक-दोन ओळी, शिस्तीचं बारीक अक्षर. "चारला आली. गोळी बलकातून." "चारला आली. हवालदारही आला." सहाव्या दिवशी लिहिलंय, "आज उशिरा आली. जिन्यावर बराच वेळ थांबली होती. वर बघत होती."

ते मी पुन्हा एकदा वाचलं. आणि मग माझ्या सूचनांचं आठवं पान काढलं. "दुसरी पायरी उतरून थांबते आणि मागे वळून बघते. म्हणजे दार लावून घे." माझंच अक्षर, सुरेख.

वर्षभर, रोज, तिने थांबून माझी वाट बघितली, आणि मी रोज तिच्या तोंडावर दार लावलं.

राखुंडी माझ्या खुर्चीखाली बसून आहे. मांडीवर आली नाही, पण पायाला पाठ लावून आहे. शेतकीच्या अहवालांचा एक गठ्ठा बांधायला आलाय असं त्याने शेवटच्या ओळीत लिहून ठेवलंय. मला मोठ्याने वाचायची सवय नाही, औषधांची नावं सोडून.

चार वाजले. ती गॅलरीत गेली. दुसऱ्या पायरीवर थांबली आहे, मागे वळून बघतेय. चष्मा घेते आणि निघते.